दिपालीचा नक्षत्रांचा नकाशा

लातूर,
२० ऑक्टोबर २०११

प्रिय नागसेनदादास,

चांगुणाचा सप्रेम जय भीम. वहिनीलाही सांग. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना? की नायगावच्या हवेवर भरवसा ठेवून बंद केल्यास? तुझं काही सांगता येत नाही.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दिपालीचं नाव काढलं की "टेस्ट कशी गेली तिची" विचारतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले.

तुझी लेक हॉस्टेलवर नाही, माझ्याकडे आहे. सोमवारी रेक्टरबाईंनी तुला कळवलं की मुलगी पुन्हा गच्चीवर सापडली, समज द्या. तू हसलास म्हणे. "आमच्या घरात सगळेच उघड्यावर झोपतात मॅडम," असं सांगितलंस. याआधी त्यांनी मला बोलावलं होतं तेव्हा मीही हेच सांगितलं होतं. भूकंपाच्या रात्री आई आतल्या खोलीत होती, आपण दोघं अंगणात, म्हणून वाचलो. तेव्हापासून भाद्रपद-आश्विनात आपल्यापैकी कोण छताखाली झोपलंय? स्लॅबचं घर बांधलंस तरी बाज बाहेरच टाकतोस.

पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा एका मास्तरांनी तुला तो नक्षत्रांचा नकाशा दिला. तू तो जमिनीवर पसरायचास आणि पूर्व डावीकडे छापली म्हणून मास्तरांवरच चिडायचास. मग त्यांनी तो डोक्यावर धरून दाखवला. आभाळात महाश्वाच्या चार ताऱ्यांचा चौकोन सापडला, त्या दिवशी आई गेल्यापासून पहिल्यांदा तू नीट जेवलास. "जमीन हालली, पन हे तर जाग्यावर हाय," म्हणाला होतास. तोच नकाशा तू लेकीला दिलास. ती हॉस्टेलच्या गच्चीवर शर्मिष्ठा आणि देवयानीचे तारे शोधत बसते, याचं आपल्याला केवढं कौतुक.

दादा, सोमवारी संध्याकाळी लातुरात आभाळ गच्च भरलेलं होतं. एक चांदणी दिसत नव्हती.

आणि नकाशा तिच्याजवळ नव्हता. आदल्या दिवशी, रविवारी, ती घरी आली होती तेव्हा माझ्या कपाटात ठेवून गेली. "आत्या, तुझ्यापाशीच राहू दे," म्हणाली. मला वाटलं, परीक्षा जवळ आली, पोरगी शहाणी झाली. मला बरंच वाटलं.

हॉस्टेलच्या स्वयंपाकीण सुमनबाई वाळलेल्या चादरी काढायला वर गेल्या नसत्या, तर आज तुला पत्र नाही, तार केल्यासारखं बोलवावं लागलं असतं. पोरगी कठड्यावर पाय बाहेर सोडून बसली होती. सुमनबाईंनी मागून मिठी मारून तिला आत ओढलं. रेक्टरबाईंना त्या काही बोलल्या नाहीत, मला मात्र बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, तुमची पोरगी चांदण्या बघून नव्हती राहिली. खाली बघून राहिली होती."

घरी आणल्यावर मी तिला सरळ विचारलं.

"उडी मारणार होतीस?"

"हाव."

"का गं?"

"मला न्हाई जमत, आत्या. पप्पांनी समद्यांना सांगून ठेवलंय, लेक डॉक्टर होणार म्हणून."

मला तुझा फार राग आलाय. आईला आपण हातांनी उकरून काढलं, तुझी नखं गेली होती. माणूस गेल्यावर मागे काय उरतं, हे तुला मी सांगायचं? आणि तू म्हणतोस, दिवाळी झाली की लगेच परत सोडतो, क्लास बुडायला नको. मी सोडू देणार नाही. मोठा भाऊ असशील तू, पण त्या कामासाठी आलास तर दार उघडणार नाही.

डॉक्टरांना दाखवलंय. तिच्याजवळ सतत कोणीतरी हवं म्हणाले, म्हणून मी रजा टाकली. थोडंफार जेवते. माझ्या कुशीत झोपते, आतल्या खोलीत. यंदा मी बाज बाहेर काढलेली नाही. मला आता स्लॅबपेक्षा गच्चीची भीती वाटते.

हे पत्र वहिनीला वाचून दाखव. तिच्यापासून लपवू नकोस.

काल दिपालीने विचारलं, "पप्पा मला परत हॉस्टेलला न्यायला येणार का बघायला?"

"बघायला," मी म्हटलं. तेव्हा कुठे तिचा डोळा लागला.

मला खोटं पाडू नकोस.

दाराला आतून कडी घालून तुझी वाट पाहणारी,
तुझी बहीण
चांगुणा