मॉनिटरच्या पाठीवरचा आकडा

बल्लारपूर
९ जून २००२

प्रिय भूपेश,

चार महिन्यांत दोन ओळी नाहीत आणि आता एकदम हे जाडं पाकीट बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फक्त फाडून टाकू नकोस. आत तुझ्या कामाचा एक कागद आहे, आणि तो काय आहे ते कळायला तुला आधी माझी सगळी चिडचिड वाचावी लागणार आहे. परवा चंद्रपूरच्या एसटी स्टँडवर तुझी बहीण सोनू भेटली. मला बघून तोंड फिरवलं पोरीनं, मग बसच आली नाही म्हणून नाइलाजानं बोलली. म्हणाली, दादा बाबांसोबत जाळं घेऊन नदीवर जाते, काई इचारलं तर बोलत नाई. सतरा तारखेला कोरपन्याकडच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिक्षकाची मुलाखत आहे, बोलावणं आलं आहे, पण तू जाणार नाहीस म्हणे. अनुभवाचा दाखला दाखवावा लागतो आणि तो तू पेटीच्या तळाशी कपड्यांखाली घालून ठेवला आहेस. त्यात काय लिहिलंय ते सोनूला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण तो टाइप मी केला होता. दोन वर्षं इमानदारीनं काम केलं आणि खाली एक ओळ, 'निष्काळजीपणामुळे संस्थेच्या यंत्राचे नुकसान'. शी. लिहितानाही हात घाण झाल्यासारखा वाटतो.

तुझ्या खुर्चीवर आता मी बसते. तासिकेवरची रश्मी मॅडम आता प्रयोगशाळा प्रमुख झाली आहे, एक जुलैपासून पूर्ण पगारावर घेणार म्हणतात. मला या कॉलेजचा वीट आला आहे, भूपेश. सकाळी एसटीतून उतरले की तो व्हरांडा, त्या व्हरांड्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत उभे असलेले आपले थोर सहकारी, भिंतीला कंबरेपर्यंत लाल पिचकाऱ्या. लॅबमध्ये आठ मशीन, त्यातली तीन चालू. माउस उलटा करून आतली गोळी काढली की सुपारीचा भुगा निघतो. शिकायला येणाऱ्या पोरांच्या हाताला लागतो तो, आणि ती बिचारी शर्टाला पुसतात. तू होतास तेव्हा दर शनिवारी आठही माउस उघडून स्पिरिटनं पुसायचास आणि मी तुला हसायचे. आता मी पुसते, पण हातात रबरी मोजे घालून.

आणि या सगळ्या घाणीचं मूळ काय, तर प्राचार्य साहेबांना चित्र पाहिजे होतं. सगळं ठीक चाललं होतं रे. पाहणी समिती येणार, नकली सीडीवरून टाकलेलं सॉफ्टवेअर पकडलं गेलं तर कॉलेजची अब्रू जाईल, म्हणून फुकटचं लिनक्स टाकू ही कल्पना तुझी, आणि चांगली होती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पोरं त्यावर प्रोग्राम लिहायची, चालवायची. गोंडी बोलणारी ती आत्रामची पोरगी पंधरा दिवसांत माझ्यापेक्षा जलद टाइप करायला लागली होती. प्राचार्य आले, बघितलं आणि म्हणाले, हे तर रेल्वेच्या तिकीट खिडकीवर असते तसं दिसून राह्यलं, कॉम्प्युटर कुठी आहे? मग तू त्यांना समजावत बसलास की साहेब, या लिनक्समध्ये खिडक्या, चित्रं, बाण हे सगळं दाखवणारी व्यवस्था वेगळी असते, तिचं नाव नुसतं 'एक्स', ती वरून बसवावी लागते आणि बसवताना मॉनिटरची नीट माहिती द्यावी लागते. साहेब दोनच शब्द बोलले, बसवा आणि उद्या. संस्थापकांचा फोटो पडद्यावर पूर्ण दिसला पाहिजे, हार घातलेला. समिती विद्यार्थी बघायला येते की हार, हे विचारायची ताकद आपल्यापैकी कुणात नव्हती.

पहिल्यांदा तू अगदी सुरक्षित पर्याय निवडून एक्स चालू केलंस ते आठवतं का? चित्र आलं, पण इतकं मोठं की संस्थापकांचं नाकापासून वरचं सगळं पडद्याबाहेर. नुसत्या मिशा आणि झेंडूचा हार. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. प्राचार्यांचा चेहरा मात्र कारल्यासारखा झाला. मग तू म्हणालास, बारीक चित्र पाहिजे तर मॉनिटर किती झेपवतो ते मशीनला सांगावं लागेल, कुठून कुठपर्यंतचे दोन आकडे. पडद्यावर स्पष्ट लिहून आलं होतं की हे आकडे अंदाजानं भरू नका, मॉनिटर कायमचा बिघडू शकतो. तू ते मोठ्यानं वाचलंस आणि मराठीतही सांगितलंस. साहेब म्हणाले, टाका काहीतरी. तू म्हणालास, काहीतरी नाही टाकणार. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता. तोंडावर बोलले नाही, कारण कॉलेजात आपण सर आणि मॅडम, आणि बाहेर बोलायला साडेपाचची शेवटची बस सोडून वेळ कुठे असायचा?

मॅन्युअल हरवलेलं. कपाट धुंडाळलं, तिथे उंदराच्या लेंड्या आणि तीन वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाच्या पताका. मग मी म्हटलं, मागे कंपनीची चिठ्ठी असते, मी बघते. टेबल भिंतीला चिकटलेलं, त्यामागे जाऊन गुडघ्यावर बसायचं, आणि त्या कोपऱ्यात काय होतं ते आज सांगते. खर्ऱ्याच्या थुंकीचं थारोळं, वाळलेलं आणि त्यावर ताजं. मॉनिटरच्या पाठीला पालीची विष्ठा आणि एक जिवंत पाल. पदर नाकाला लावला, डोळे अर्धे मिटले. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. तू पुढून विचारलंस, दोन आकडे आणि मध्ये बारीक रेघ, असं काही दिसतं का? दिसलं. मी ओरडले, एकतीस रेघ चौसष्ट. तू पुन्हा विचारलंस, नक्की? मी म्हटलं, अरे हो बाप्पा, नक्की, भर लवकर. उठून पर्स घेतली आणि दारापर्यंत पोचले, तोवर त्या मॉनिटरनं अशी बारीक शिटी मारली की मी कानावर हात ठेवले. मग टक् असा आवाज, जळक्या वासाचा धूर, आणि पडदा काळा. तू तिथेच उभा होतास, की-बोर्डवर हात तसेच.

दुसऱ्या दिवशी समितीनं मिशासुद्धा बघितल्या नाहीत. पोहे खाल्ले, शाल घेतली, सह्या करून गेली. खरं सांगते, कुणी लॅबचं दार उघडून आतही आलं नाही. पण मॉनिटर जळला होता, आणि जळल्या वस्तूला आपल्याकडे एक माणूस चिकटवावा लागतो. मला चार महिने वाटत राहिलं की आकडा बरोबरच होता, मॉनिटरच जुना आणि कुचका होता, त्यात माझा काय दोष? असं स्वतःला सांगत मी रोज बसमध्ये झोपत आले आणि झोपत गेले.

मागच्या मंगळवारी वार्षिक माल-मोजणी होती. मुखरूभाऊ आपलं भांडार सांभाळतात, आवक-जावकही तेच बघतात, हे तुला सांगायला नको. मला म्हणाले, म्याडम, तुमी मालावरचे नंबर वाचा, मी रजिस्टरात खूण करतो. खुर्च्या झाल्या, पंखे झाले, मग भांडाराच्या मागच्या खोलीत भंगारात ठेवलेला तो मॉनिटर. मी त्याची पाठ माझ्याकडे वळवून घेतली आणि वाचलं, एकतीस रेघ चौसष्ट. मुखरूभाऊनं पान उलटलं, म्हणाले, हो, पान एकतीस, नोंद चौसष्ट, जळलेला मॉनिटर एक नग, आणि खूण करून पंख्याच्या पानाकडे वळले. भूपेश, तो आकडा मॉनिटरचा नव्हताच. आपल्या डेड स्टॉक रजिस्टरचा होता. वर 'डे. स्टॉ.' अशी अक्षरं होती, ती तेव्हा घाणीखाली झाकलेली, आणि मी ती घाण पुसायला बोट लावलं नव्हतं. मुखरूभाऊंना विचारलं, कंपनीची चिठ्ठी कुठी गेली? ते म्हणाले, साबांनी सांगतलं सगळ्या मालावर रंगानं नंबर पायजे, चिठ्ठी होती तिथी सपाट जागा भेटली, तिच्यावरच पांढरा पट्टा मारून देल्ला. मग मी स्पिरिट आणलं आणि तो पांढरा पट्टा अर्धा तास घासला. खाली छापलेलं निघालं, तीस ते अडतीस. तू अडतीसवर थांबणाऱ्या यंत्राला चौसष्टपर्यंत पळवलंस, कारण मी तुला तसं सांगितलं.

मला त्या मुखरूभाऊंचा राग आला, मग साहेबांचा आला, मग खर्रा थुंकणाऱ्या त्या अज्ञात महापुरुषाचा आला. घरी येऊन आईवर ओरडले. बाबा पेपर मिलच्या पाळीवरून आले होते, त्यांना सगळं सांगितलं, तर ते हात धुता धुता म्हणाले, मी पस्तीस वर्षं लगद्याच्या वासात काम करून राह्यलो, नाक दाबलं असतं तर मशीनीत बोटं गेली असती. त्यांनी एवढंच म्हटलं आणि जेवायला बसले.

आता जे तुला माहीत आहे पण मी कधी तोंडानं बोलले नाही, ते लिहिते. मॉनिटर जळल्यावर संस्थेनं केलेल्या त्या चौकशीत तू टेबलाच्या या बाजूला बसला होतास आणि मी दाराजवळच्या खुर्चीवर. संस्थेच्या माणसानं मला सरळ विचारलं, आकडा कुणी पाहिला? माझी तासिकेची नोकरी, पुढच्या महिन्यात नूतनीकरण, घरी धाकट्या भावाची फी. मी म्हणाले, सरांनी स्वतः बघून भरला, मी बस पकडायला निघाले होते. तू मान वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मग त्यांनी तुला विचारलं, खरं आहे? आणि तू म्हणालास, हो. एवढं एकच. मी चार महिने तुझ्यावर चिडून होते की हा माणूस गप्प का बसला, भांडला का नाही, मला खोटं का नाही पाडलं. म्हणजे बघ, तिथेही दोष तुझाच. किळस मला कॉलेजची येते असं मी या पत्रात लिहीत आले, पण ती माझीच येते, आणि ती स्पिरिटनं जात नाही. म्हणून शुक्रवारी मी कागद लिहिला. पहिल्यांदा 'आम्हा दोघांकडून' असं लिहिलं होतं, ते फाडलं. यात आहे की आकडा मी वाचला, तो चुकीचा वाचला, चौकशीत मी खोटं बोलले, आणि श्री. भूपेश यांनी यंत्राची सूचना वाचून अंदाजानं भरायला नकार दिला होता. साहेबांच्या टेबलावर नेण्याआधी मुखरूभाऊंकडून दोन्ही प्रतींवर आवकचा शिक्का मारून घेतला, क्रमांक दोनशे बारा. साहेब म्हणाले, मॅडम, गेलं ते गेलं, कागद परत घ्या, जुलैचा आदेश तयार आहे तुमचा. मी म्हटलं, साहेब, शिक्का बसला. जुलैत मी तिथे असेन असं वाटत नाही. दुसरी प्रत या पाकिटात आहे. सतरा तारखेला ती दाखल्याच्या वर लाव आणि कोरपन्याला जा. तिथे कुणी विचारलं की आकडा कुणी वाचला, तर पुन्हा 'हो' म्हणून माझी लाज झाकू नकोस. दोन वर्षं तू मला चारचौघांत नुसतं मॅडम म्हणालास. या वेळी माझं नाव घे, रश्मी खुशाल रामटेके, बापाच्या नावासकट पूर्ण घे.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
तुझीच,
रश्मी