तक्रारीची कार्डं

बाबा, आपला कारखाना का बंद पडला, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला ठाऊक होतं.

कारखाना म्हणजे तरी काय, घरामागची टिनाची शेड, एक भट्टी, तुम्ही, म्हातारे मिस्त्रीकाका आणि दोन गडी. कडबा कापायच्या, हातानं चाक फिरवून चालवायच्या कुट्ट्या बनायच्या तिथे. नागपूरच्या मोठ्या कारखान्याकडे इंजिनिअर होते, नकाशे होते. तुमच्याकडे गिऱ्हाइकाची तक्रार होती. प्रत्येक कुट्टीबरोबर तुम्ही एक पोस्टकार्ड द्यायचात, त्यावर आपला पत्ता माझ्या अक्षरात. "बिघडली तं कार्ड टाकजा. बरी चालली तं घरीच ठेवजा." त्यामुळे जे कार्ड परत येई ते तक्रारीचंच असे, आणि तुम्हाला वाचता येत नसल्यानं ते मीच वाची. केळझरच्या एका बाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं की चाकाची मूठ फार उंच आहे, आता शिडीही तुम्हीच धाडून द्या. मिस्त्रीकाका पोट धरून हसले. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी मला चाकापुढे उभं केलंत आणि माझ्या खांद्याच्या मापानं मूठ खाली आणलीत. पुढे बायाच नवऱ्यांना घेऊन आपल्या दारात यायला लागल्या. "पाह्य पोरी," तुम्ही म्हणालात, "लोकं शिकाले कॉलेजात जाते. आपलं कॉलेज पोस्टमन आणून देते."

पण ते शिकणं तुम्हाला सोसत नसे. कार्ड आलं की तुम्ही ताट सारायचात, घरात शब्द बोलायचा नाहीत, आणि चूक सापडेपर्यंत भट्टीजवळून हलायचा नाहीत. आई गेल्यावर तर फारच. त्या हिवाळ्यात तुमचा दमा उसळला. मी पंधरा वर्षांची. पात्यांसाठी तुम्ही कारंज्याहून ट्रकच्या स्प्रिंगचे मोडके पाटे आणायचात, आजारपणाआधीच्या खेपेला पोलाद काही वेगळं आलं होतं. तुम्ही खाटेवरून उठून पहिल्यांदाच शेडमध्ये गेला होतात, भट्टीचा भाता ऐकू येत होता, आणि पोस्टमननं माझ्या हातात कार्ड दिलं. महिनाभरात पात्याच्या कडेचे तुकडे उडाले, असं त्यात होतं. मी ते चुलीत घातलं. वाटलं, एवढं एकच.

नंतर आठ-दहा आली. मी सगळी जाळली.

"काऊन वं, कार्ड नाई आलं?" तुम्ही विचारता.

"नाई बाबा."

"मालक," मिस्त्रीकाका म्हणतात, "आता तं तुमच्या मालात तुमची सासूबी खोट काढू शकत नाई!"

तुम्ही खोकत खोकत हसता, आणि त्याच पोलादाची, तशीच पाती घडवत राहता. उन्हाळा लागेपर्यंत बाजारातल्या दुकानदारानं आपल्या कुट्ट्या मागे सारून नागपूरच्या पुढे मांडल्या. पुढच्या वर्षी भट्टी विझली. खूप वर्षांनी मी मिस्त्रीकाकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, कडा तुटत असल्या तर काय करायचं? "पातं थोडं नरम ठेवाचं," ते म्हणाले. "एका दिवसाचं काम हाये. तुह्या बापानं तं दुपारपर्यंतच केलं असतं."

तुम्ही जायच्या आधी मला जवळ बसवून विचारलं होतंत, "खरं सांग, एक तरी कार्ड आलतं का?" मी नाही म्हटलं. "मंग मालात खोट नव्हती," म्हणालात. "लोकायले मीच नाई आवडलो."

तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की तुमच्या दम्याची काळजी म्हणून ते केलं. पहिल्या कार्डापुरतं ते खरंही आहे. पण कार्डं तुमच्यापर्यंत येत नव्हती त्या चार महिन्यांत तुम्ही रोज माझ्यासोबत जेवायला बसायचात. आईच्या गोष्टी सांगायचात, मी केलेल्या भाकरीला नावं ठेवायचात आणि अजून एक मागायचात. बाबा, मला ते फार आवडायला लागलं होतं.