आज किती कमी?

४ डिसेंबर

आजही काहीच नाही! दिवाळीनंतर अंगद मेंढरं घेऊन कोकणाकडे निघाला, तेव्हा मी त्याच्या मोबाईलवर एक वेबपान करून दिलं होतं. (वहीत नवऱ्याला अरे-तुरे केलं तर कोण ऐकतंय!) संध्याकाळी मेंढरं मोजतातच. मोजून झाली की 'आज किती कमी?' या चौकटीत आकडा टाकायचा, बस. लिहायचा त्याला कंटाळा. घाटाखाली फोनवर बोलणं तुटतं, पण एवढा आकडा जातो. आणि माझ्या लॅपटॉपवर रोज काय — 'काही आलं नाही'.

शेजारच्या सीमाताई म्हणाल्या, "राजूरच्या बाजारात दिसला गं. लई वाळलाय." लोकांना दिसतो. मलाच नाही.

१९ डिसेंबर

सासूबाई रोज विचारतात, "आलं का काय पोराचं?" मी मान हलवते. नगरला नोकरी धरतो म्हणाला होता. तोंडावर म्हणाला होता! सासऱ्यांचा गुडघा आखडला, आणि त्यांच्या जागी हा निघाला कळपामागं. मी रुसले, तर उलट हाच रुसून बसला. फोन मी का करू आधी?

३ जानेवारी

रिकामं. त्याच्या घोंगडीचा वास येतो अजून. धुवायला काढली होती, परत ठेवली.

१४ जानेवारी

आला! आकडा आला! — एक.

म्हणजे एक मेंढरू गेलं. सासूबाई मटकन खाली बसल्या. "आगं बया, सनाच्या दिशी! कुठलं गं?" मला काय माहीत? इतके दिवस तोंडातून शब्द नाही, आणि मेंढरू मेलं की बायको आठवली! बायका संक्रांतीचं वाण घेऊन ववसायला बोलवायला आल्या. त्यानं दिवाळीत आणलेली काळी साडी नेसायची होती. नाही नेसले. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

२ फेब्रुवारी

काही नाही. राग गेलाय. नुसता हवाय तो. कळपासकट अंगणात येऊन उभा राहू दे, लेंड्या मी झाडीन.

९ फेब्रुवारी

सकाळीच हर्षलसरांचा फोन. मी घरूनच त्यांच्या संगमनेरच्या कंपनीचं काम करते. द्राक्षाच्या शीतगृहासाठी मी केलेल्या पानावर घोळ! खोली बरोबर शून्य अंशावर आली की पडद्यावर 'नोंद नाही' येतं. सर म्हणाले, "पूजा, शून्य म्हणजे रिकामं का गं? तू तपासतेस कसं ते बघ."

बघितलं. व्हेरिएबलच्या, म्हणजे आलेल्या आकड्याच्या, आधी नुसतं उद्गारचिन्ह! जावास्क्रिप्टला असं विचारलं की ते न आलेल्यालाही 'नाही' म्हणतं आणि शून्यालाही 'नाही'च म्हणतं. नीट विचारायचं तर — हे नल आहे का, अनडिफाइंड आहे का? तेवढंच खरं रिकामं. शून्य म्हणजे कुणीतरी बघून, मोजून सांगितलेला आकडा. कॉलेजात शिकवलेलं, मेलं आठवेल तर शपथ!

दुरुस्त केलं, पाठवलं, चहा ठेवला. आणि एकदम आठवलं — हीच ओळ मी अंगदच्या पानात लावलीय. तपासताना पाच टाकून बघितलं होतं, सात टाकून बघितलं होतं. शून्य टाकायचं सुचलंच नाही.

संध्याकाळी

ओळ बदलली. पान उघडलं.

शून्य. शून्य. शून्य. शून्य… निघाला त्या दिवसापासून! एकही संध्याकाळ चुकवली नाही माझ्या राजानं. मधे तो संक्रांतीचा एक, की पुन्हा शून्य, शून्य. सगळं आलेलं होतं, माझंच पान दाखवत नव्हतं. आणि मी इकडून एका अक्षरानं उत्तर दिलं नाही. काय वाटलं असेल त्याला!

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "समदी शून्यंच? म्हंजी बरं हाय की गं लेकरू!" पदर डोळ्याला लावला. मग मला रडायला कुणाची चोरी?

फोन लावला. लागला नाही. परत लावला. परत.

१० फेब्रुवारी

लागला! आधी मीच केला — केला तर केला. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "संक्रांतीला कुठलं मेंढरू गेलं हो?"

भुंकणाऱ्या कुत्र्याला त्यानं आधी गप केलं. मग म्हणाला, "मेंढरू कुठं गेलं? समदी हायती. सनाला तू न्हवतीस जवळ. मोजाया लागलो, तर एक कमीच भरलं."