सूट म्हणजे सूत नव्हे

तापीकाठ,
चैत्र वद्य पंचमी, शके १८६०

प्रिय रतिलाल,

आशीर्वाद. दगाकाका उद्या नंदुरबारला येतायत, त्यांच्या हाती हे पत्र आणि एक गाठोडं देते आहे. गाठोडं आधी सोडू नकोस. लहानपणी बाजारातून आलेली पुडी घरात पाऊल पडायच्या आत फोडायचास, ती सवय आज आवर आणि आधी हे वाच. आखाजीचा, अक्षय तृतीयेचा सण झाला की तुझं लग्न. गल्लीतल्या बायका मला आत्तापासून करवली करवली म्हणून चिडवतात आणि मी हसून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर बोहल्यावर मी तुझ्या मागे उभी राहणार की नाही, हेच मला अजून माहीत नाही.

इकडे ऊन आत्तापासूनच मी म्हणतंय. तापीचं पाणी पार पलीकडच्या काठाला गेलंय, वाळूतली टरबुजं दुपारी हातात धरवत नाहीत. तुझे दाजी शेतातून येतात ते डोक्यावर ओला पंचा टाकून. अशात दगाकाकांनी सांगितलं, तुझा सूट शिवून आला. काळा, लोकरीचा, आतून अस्तर, कोटाच्या आत वास्कूट, कापड मुंबईच्या दुकानातलं. आणि मुहूर्त भर दुपारचा! ऐकूनच माझ्या पाठीला घाम फुटला. अरे, मेंढीसुद्धा उन्हाळ्याआधी लोकर उतरवून मोकळी होते. तुला आठवत नसेल, आई गेली त्या उन्हाळ्यात तुला ऊन लागलं होतं. डोळे फिरवले होतेस. मी आईचं जुनं सुती लुगडं माठातल्या पाण्यात बुडवून तुझ्याभोवती गुंडाळलं, वाळलं की पुन्हा भिजवलं, आणि संध्याकाळी तू भाकर मागितलीस तेव्हा कुठे मी रडले. तेव्हापासून चैत्र लागला की तुझ्या मानेवर घामोळं उठतं. वकील झालास म्हणून ते थांबलं असेल असं मला वाटत नाही.

आता त्या सुताची गोष्ट. ती काढू नये असं फार वाटत होतं, पण इलाज नाही. पौषात तुझ्या सासऱ्यांचा निरोप दगाकाकांनीच आणला. तंबाखूचा बार गालात धरून ते म्हणाले, "सूट तुमनाकडे शे. भारी पाहिजे." मी ऐकलं सूत. सूट म्हणून मला एकच ठाऊक, दुकानदार घासाघीस केल्यावर देतो ती, आणि ती काही व्याही मागणार नाहीत. सूत मात्र लग्नात लागतंच. नवरा-नवरीभोवती गुंडाळायचं सूत नवरदेवाच्या बहिणीच्या हातचं मागतायत, केवढा मान ठेवला, असं मनात आलं. आणि भारी म्हणजे मी वजनाला भारी असं धरलं! आपल्या वरच्या शेतातला पहिल्या वेचणीचा कापूस घेतला, सरकी काढली, पेळू वळले आणि कातत बसले. दाजी म्हणाले, "नवरदेवले गुंडाळनं शे का आख्खा गावले?" पण मी कुठली ऐकतेय.

बोलणीच्या दिवशी तुम्ही पुरुष पुढे गेलात, मी मागून बैलगाडीनं आले. अंगावर धूळ, हातात नवं सूप, सुपात हळदीचं बोट लावलेल्या सुताच्या लडी. ओट्यावर तुझ्या वकील सासऱ्यांची मुंबईची पाहुणेमंडळी बसली होती. मी सूप सगळ्यांच्या मध्ये ठेवलं आणि सूत आणलंय म्हणून सांगितलं, "ल्या, सूत लई उनू." आधी कुणाला काही कळेना. मग दगाकाकांच्या चेहऱ्यावरून उलगडा झाला, मागितला होता कोट-पाटलोणीचा सूट, आणि ओटा हसून हसून आडवा झाला. मीही हसले रे. चूक होतीच तशी, हसण्याजोगी. तेवढ्यात तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "ही कोन शे?" आणि तू भिंतीकडे बघत, अगदी कोर्टातल्यासारख्या शुद्ध मराठीत म्हणालास, "आमच्या गावची बाई आहे. सामान घेऊन आली आहे."

बाई म्हणालास ते खोटं नव्हतं. बोलायला लागलास तेव्हापासून तू मला बाईच म्हणतोस, सगळ्या गावात मी एकटीच तुझी बाई. फक्त त्या दिवशी तू तिच्यामागे गाव लावलंस. दगाकाका तोंड उघडणार होते, मीच डोळ्यांनी त्यांना दटावलं. मग गाडीवाल्यांच्या बायका जेवत होत्या तिथे मागच्या अंगणात जाऊन बसले आणि जेवले. पोटभर जेवले, याचीच मला जास्त लाज वाटते. येताना गाडीत तोंडावर पदर घेतला तो गाव येईपर्यंत काढला नाही. घरी थांबलेल्या दाजींना सांगितलं, फार मान दिला, सूत सगळ्यांना आवडलं. त्या दिवसापासून पाणी भरतानासुद्धा मी माझे हात बघते. कातून कातून बोटांना घट्टे पडलेत. एकदा वाटतं, याच हातांनी तुला वाढवलं, आणि लगेच वाटतं, हे हात त्या ओट्यावर दिसायला नको होते. तुला माझी लाज वाटली, ते मी एक वेळ समजून घेईन. माझी मलाच वाटायला लागली, ते मात्र सोसवत नाही.

सूप त्यांनी माझ्याबरोबरच परत पाठवलं होतं. लडी कोनाड्यात पडून होत्या, बघितल्या की तोंड कडू व्हायचं. एक दिवस मनात आलं, सूत मागितलं नव्हतं हे खरं, पण सूट तर मागितलाय ना! मग विणायला टाकलं. ताग्याला हात लावला तर इतका मऊ आणि मोकळा की फुंकर मारली तर पलीकडे जावी. शहाद्याला शिंप्याकडे तुझा खुंटीवरचा जुना कोट मापाला नेला. तो म्हणे टसर रेशीम घ्या, झळाळी येते. म्हटलं, येते, पण घाम लागला की काखेत डाग दिसतो. मग म्हणे साहेब लोक उन्हाळ्यात अळशीच्या धाग्याचं कापड घालतात. मला हसूच आलं, आपण अळशीची चटणी खातो आणि साहेब ती अंगावर घालतो! शेवटी आपलं सुतीच कापलं. अस्तर लावू दिलं नाही, वास्कूटही नाही, कोट आणि पाटलोण तेवढी. रंग दिला नाही, सायीसारखा आहे तसाच ठेवलाय. शिंपी म्हणाला चुण्या पडतील. पडू देत. माणूस उठला बसला की चुण्या पडायच्याच.

तेव्हा गाठोड्यात काय आहे ते तुला कळलंच. आता पत्र का लिहिलं तेही सांगते. उत्तर लिहू नकोस. तुझं शुद्ध मराठी मला फार समजतं, त्याचीच भीती वाटते. लग्नाच्या दिवशी तुझ्यापुढे दोन सूट असतील. सुती घालून बाहेर आलास, तर मी शकुनदिवा घेऊन तुझ्या मागे उभी राहीन आणि "ही कोन शे?" असं कुणी विचारलं तर तू आपल्या बोलीत सांग, "मन्ही बहीन शे." लोकरीचा घालून आलास तरी राग धरणार नाही. बायकांत बसेन, अक्षता टाकीन, आणि कुणी विचारलंच तर मीच सांगेन, नवरदेवाच्या गावची बाई. तुला भिंतीकडे बघावं लागणार नाही. फक्त थंड पाण्याचा एक माठ मांडवाजवळ ठेवायला सांग. आईचं लुगडं मी बरोबर आणते आहे, काहीही घातलंस तरी.

तुझीच,
बाई