उलट्या पावलांची हाक

१३ फेब्रुवारी

चि. भाऊजी यांस,

अनेक आशीर्वाद. माझं पत्र नेहमी जाऊबाईंच्या नावाने असतं. या वेळी तुमच्या नावाने आलं म्हणून घाबरू नका, देवाच्या कृपेने घरात कुणी आजारी नाही.

आधी पोच देते. पार्सल शुक्रवारी मिळालं. राखाडी लोकरीचे सहा गोळे, बिस्किटांचा डबा (झाकण चेपलंय, आतलं शाबूत) आणि नातवाचा फोटो. टपालाचे जादा बारा रुपये भरावे लागले. हे जाऊबाईंना सांगू नका, नाहीतर पुढच्या वेळी लोकर कमी पाठवतील. त्याच दिवशी संग्रहालय समितीकडून वाखाचं, म्हणजे दोर वळायच्या धाग्यांचं, गाठोडं आलं. ते फुकट, पण हमाल दारात उभा राहून इतका वेळ कपाळ पुसत राहिला की पाच द्यावे लागले.

वाख कशाला, ते आता लिहिते. आपला जुना दोरखाना या महिन्याच्या शेवटच्या रविवारी संग्रहालय म्हणून उघडतोय. गावात सध्या दुसरा विषय नाही. पानगळ सुरू झाली आहे, रस्ताभर पानांचा खच पडतो, तो रोज सकाळी बायका झाडतात आणि झाडता झाडता कुणी काय वस्तू दिली याची चर्चा करतात. शिंपिणीने सासूचं शिवणयंत्र दिलं. जिवंतपणी सासूशी पटलं नाही, आता यंत्रावर नाव सासूचंच हवं म्हणून भांडते आहे. न्हाव्याने आजोबांचा वस्तरा दिला आणि शेजारी चिठ्ठी ठेवली, ‘अजून चालतो. हात लावू नये.’ मी काही दिलं नाही. आपल्या घरात जुनं ते सगळं वापरात आहे.

समितीचे प्रमुख म्हणजे आपले निवृत्त हेडमास्तर. ते घरी आले. यांना म्हणाले, “वस्तू राहू द्या. तुम्ही स्वतः या. दोर कसा वळायचे ते लोकांना करून दाखवा. तुमच्यानंतर ते कुणाला येणार?”

हे लगेच हो म्हणाले. मी चहा गाळत होते, माझा हात थांबला.

भाऊजी, यांची तब्येत चांगली आहे. जेवण व्यवस्थित, झोप व्यवस्थित. संध्याकाळी वर्तमानपत्र मी वाचून दाखवते, ते नाही नाही त्या बातमीवर वाद घालतात. पाण्याचा तांब्या, काठी, चपला मी एकाच जागी ठेवते. घरात शिस्त असलेली बरी. स्वयंपाकघरात मोठा दिवा लावला होता, महिनाभराने काढून पुन्हा छोटा लावला. विजेचं बिल वाढतं आणि उपयोगही नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी दोरखान्यात रंगीत तालीम झाली. सुताराने चाक दुरुस्त केलंय, छान फिरतं, कुरकुर तेवढी गेली. यांनी वाख कमरेला गुंडाळला, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवलं आणि मागे सरकायला लागले. खरं सांगू का, मी इतक्या वर्षांत हे कधी पाहिलंच नव्हतं. डबा घेऊन यायची ती दारापर्यंत. बोटांतून वाख सुटतोय, त्याला पीळ चढतोय, आणि माणूस चाकाकडे तोंड करून शांतपणे उलटा चालत जातोय. शिंपीण माझ्या कानात म्हणाली, “अगं, हे तर तरुण दिसायला लागले!”

चाकावर हेडमास्तर होते. मध्ये छपराचे खांब आहेत, ते तुम्हाला मी काय सांगायचं. हे खांबाजवळ आले तसे हेडमास्तर ओरडले, “डावीकडे, डावीकडे व्हा!” हे उजवीकडे झाले आणि पाठीने सरळ खांबावर आदळले. मग खाली बसले.

सगळे धावले. हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. “मी डावीकडे म्हटलं हो! तुमची डावी बाजू, नीट विचार करून सांगितली.”

“तिथेच चुकलात,” हे म्हणाले. “विचार करायचा नसतो. चाकावरच्याने आपल्या हाताने सांगायचं. तुमचा डावा तोच डावा. उलटं करून घ्यायचं काम माझं.”

“मग आधी सांगायचं ना, मालक!”

“सांगायचं काय त्यात? आमच्यात असंच.”

हेडमास्तरांनी दोनदा माफी मागितली. बिचाऱ्यांचा दोष नाही, कुणीही शहाणा माणूस तसंच सांगेल. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पण एकदा मनात घोळ झाला की होतो. डावं म्हणून हात उजवा दाखवायचे. शेवटी यांनीच वाख सोडला. पाठीवर निळा डाग आहे, मी तेल लावून शेकते.

घरी आल्यावर मी अंगणात उभं राहून हाक द्यायचा प्रयत्न केला. हे चार पावलं चालले आणि म्हणाले, “तुझा आवाज ऐकला की वाटतं भाजी आणायला निघालोय.” दोघंही हसलो. मग ते आत जाऊन बसले आणि जेवले नाहीत.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. तुमच्या दादांना दिसत नाही. थोडं कमी दिसतं असं नव्हे. दिवस की रात्र एवढं कळतं, तेवढंच. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांच्या शिरा गेल्या, आता इलाज नाही. हे डॉक्टरांना आणि मला ठाऊक आहे, तिसऱ्या कुणाला नाही. गावात कुणाला सांगणार नाही, असं यांनी मला देवासमोर वचन द्यायला लावलं. ते मी पाळते आहे. तुम्ही या गावचे राहिला नाहीत, म्हणून तुम्हाला लिहिताना वचन मोडतं असं मी धरत नाही. देवाला काय वाटेल ते मी त्याच्याशी बोलून घेईन.

मी यांना म्हटलं, नाही सांगून टाका. तर म्हणाले, “उलटं चालायला डोळे कशाला लागतात? तेव्हा तरी कुठे मागे बघत होतो? मागचं बघायला चाकावर माणूस होता.”

माणूस होता, एवढंच म्हणाले. नाव घेतलं नाही. तुमचं नाव या घरात घेतलं जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि ते मी गोड करून लिहिणार नाही. तुम्ही यंत्राच्या दोराच्या कारखान्यात गेलात, आणि पुढच्या पानगळीला दोरखान्याला कुलूप लागलं. तुमच्यामुळे लागलं नाही, ते लागणारच होतं. हे त्यांनाही कळतं. कळतं म्हणून गिळवत नाही. कोण चूक कोण बरोबर याचा हिशेब मी मांडलेला नाही आणि मांडणारही नाही.

एवढं मात्र दिसतंय, की त्या रविवारी अख्खं गाव जमेल, चाकावर कुणीतरी उभा राहील, आणि हे मागे सरकायला लागतील. ते माघार घेणार नाहीत. पुन्हा आदळले तर यावेळी कुणीतरी उचलताना त्यांच्या डोळ्यांत नीट बघेल.

हे लिहीत असताना यांनी खुर्चीतून विचारलं, “कुणाला लिहितेस एवढं?”

“जाऊबाईंना,” मी म्हटलं. “लोकर मिळाली म्हणून.”

त्यांनी मान मागे टेकवली. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाले, “तिला लिही, दोरखान्यातली जमीन नवी केली आहे. गुळगुळीत आहे, पाय सरकतो. हाक पूर्वीपेक्षा जरा आधी द्यावी लागेल.”

जाऊबाईंनी दोरखाना बाहेरूनही पाहिलेला नाही. मी “बरं, लिहिते,” म्हटलं. जसं सांगितलं तसं लिहिलं आहे.

तुम्ही आलात तर हे मिठी मारतील, विचारपूस करतील, असं मी सांगत नाही. कदाचित एक शब्दही बोलणार नाहीत. अंथरूण बाहेरच्या खोलीत घालीन. गाडीभाड्याचं तुमचं तुम्ही बघा, जेवणाचं मी बघते. जाऊबाईंना आणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मला आवडेल.

येत असाल तर उलट टपाली दोन ओळी टाका. पत्र मीच वाचून दाखवते, तेव्हा जे लिहाल ते त्यांच्या कानावर जाणार आहे हे ध्यानात ठेवून लिहा. येत नसाल तर तेही उलट टपालीच कळवा. मग हेडमास्तरांकडे जाऊन नाही सांगायचं काम माझं, आणि त्यानंतर घरी येऊन यांच्यासमोर बसायचंही माझंच.

तुमची,
वहिनी