पूर्ण मैदान दाखवणारी मशीन

२८ जून, शनिवार
नवी वही सुरू. लेकीच्या, मोनालीच्या, नर्सिंगच्या वह्यांतली एक कोरी राहिली होती. रोज लिहायचं, थोडं लिहायचं आणि शुद्ध लिहायचं. गाइड माणसाजवळ भाषा पाहिजे.
आजच्या सफारीत वाघ दिसला. म्हणजे पाहुण्यांना दिसला. वाघीण डाव्या हाताला, रस्त्यापासून दहा फुटांवर बांबूत बसली होती. मी समोर बघत होतो, कारण गाइडने समोरच बघायचं असतं. मागच्या सीटवरच्या बाईंनी माझ्या खांद्याला हात लावून दाखवली. जिप्सीचा ड्रायव्हर सुनिल नंतर म्हणे, "वारलूभाऊ, वीस वर्सात पह्यल्यांदा पाव्हण्यानं तुमाले वाघ दाखवला." मी म्हटलं, पाहुण्यांना आनंद मिळावा म्हणून मी कधी कधी गप्प राहतो. त्याला पटलं असावं. गाडी पुसायला लागला.

१ जुलै, मंगळवार
जंगल बंद. आता तीन महिने घरी. संकल्प: छपराचे कवेलू फेरणे, इंग्रजी सुधारणे, ललिताला फुटबॉलमध्ये हरवणे. तिसरा सगळ्यात सोपा.
टीव्हीवरच्या गेमची मशीन मोनालीची. पोरगी नागपूरला शिकायला गेली आणि मशीन इथंच राहिली. खराब होऊ नये म्हणून आम्ही नवराबायको अधूनमधून चालू करायचो, त्याची सवय झाली. ललिता अंगणवाडीतून येते, कुकर लावते आणि शिट्ट्या होईपर्यंत एक मॅच.
आज ५-०. तिच्या बाजूने.

६ जुलै, रविवार
हरण्याचं कारण सापडलं. मी कडेला पास देतो तेव्हा तिथं माझा कोणी नसतो. ललिताचा माणूस मात्र कुठूनही उगवतो आणि बॉल घेऊन जातो. म्हणजे जुनी मशीन मैदान पूर्ण काढतच नाही. मधलं काढते, कडेचं सोडून देते. दमली आहे बिचारी.
ललिता म्हणे, "मले तं सारं दिसते." तिला एवढा बारीक फरक कळणार नाही. आमचं घराणं माग काढणाऱ्यांचं. माझे बाबा, कोलू त्यांचं नाव, वाळलेल्या पानावरून सांगायचे की इथून अस्वल गेलं. शेवटी त्यांना दिसेनासं झालं, ते चुलीच्या धुरामुळे.

९ जुलै, बुधवार, दुपार
मोबाइलवर अभ्यास केला. माझ्या मशीनचीच सुधारलेली आवृत्ती निघालेली आहे. नाव प्रो. पूर्ण नवी पिढी नाही, मधली. यूट्यूबवर दोघे भांडत होते. एक म्हणे, असल्या मधल्या मशीनच्या नादी लागू नका. गेम तेच, फक्त चित्र थोडं रेखीव. थांबायचं आणि पुढची पिढी घ्यायची. दुसरा म्हणे, फरक ज्याला दिसतो त्यालाच त्याची किंमत.
दुसरा मला पटला.

१३ जुलै, रविवार
मोनालीचा फोन. प्रोबद्दल सांगितलं. ती म्हणे, बाबा, ती फोर-के टीव्हीसाठी असते, आपला टीव्ही साधा बत्तीस इंची, घेऊन काही उपयोग नाही. मग तिनं विषय बदलला. अंधारात उंबरठ्याला पाय लागतो का, ताटात कडेची भाजी राहते का, सुनिलकाकांच्या गाडीत काय झालं. आईने कान भरलेले दिसतात. म्हणे, नागपूरला या, डोळे तपासू. नर्सिंगला गेलेल्या पोरींना आख्खं घर आजारी दिसतं.
मी विचारलं, मोठा टीव्ही घ्यायचाच झाला तर किती इंची घ्यावा. ती आजोबांच्या डोळ्यांचं काही तरी सांगायला लागली.

२० जुलै, रविवार
जेवताना ललितानं माझं ताट फिरवलं. तेव्हा कळलं की वास्त्यांची भाजी वाढलेली होती. ही बांबूच्या कोंबाची भाजी वर्षातून महिनाभरच मिळते, आणि ती गुपचूप वाढते. वाढताना सांगायला पाहिजे.
कवेलू अजून फेरले नाहीत. शिडीवर चढलो होतो. शिडी नीट नाही.

३ ऑगस्ट, रविवार
चंद्रपूरला जाऊन आलो. आदेश नावाचा ओळखीचा पोरगा वापरलेल्या मशीन विकतो. दुकानदार असून म्हणे, "काका, तुमच्या टीव्हीवर दोनी सारक्याच दिसतीन. काऊन घेता?" त्यानं दोन्ही मशीन शेजारी शेजारी लावून दाखवल्या. मला फरक लगेच कळला. उजवीकडची स्वच्छ. मी म्हटलं, हीच प्रो. तो म्हणे, ती जुनी.
तारा उलट जोडल्या असतील.
घेतली. जुनी मशीन त्याला दिली आणि वर दुर्बीणही दिली. आदेशला पक्षी बघायचा नाद आहे, कधीपासून मागत होता. एका पाहुण्यानं खूश होऊन दिली होती मला, नऊ वर्षं झाली. पण ज्याला नजर आहे त्याला दुर्बीण कशाला?
ललिता रागावली नाही. दुर्बिणीच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

४ ऑगस्ट, सोमवार
पहिल्या दिवशी ४-०. मशीन नवी आहे, हात बसायला वेळ लागतो.

९ ऑगस्ट, शनिवार
६-१. माझा एक गोल झाला हे महत्त्वाचं. तो तिच्याच माणसाच्या पायाला लागून गेला, पण बोर्डावर एक म्हणजे एक. कडा अजून पूर्ण येत नाहीत. सेटिंगमध्ये असेल कुठंतरी. सापडत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
३-३! शेवटी प्रोनं करून दाखवलं. ललिताचा खेळ मात्र बिघडला आहे. आता ती कडेनं येतच नाही. मधून येते, सरळ आणि हळू. तिला नव्या मशीनचा वेग झेपत नसावा. मी तिला समजावलं की हळूहळू जमेल. ती हो म्हणाली.
मोनालीला स्कोअर कळवला. तिनं अंगठा पाठवला. फक्त अंगठा.

२१ ऑगस्ट, गुरुवार
सलग पाच दिवस बरोबरी किंवा विजय. गेट उघडलं की सुनिलला दाखवतो नजर काय असते. निर्णय: मधली मशीन घ्यावी. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी.

२३ ऑगस्ट, शनिवार, दुपार
तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण. सकाळी मोटरसायकलनं नारळ आणायला निघालो. चावडीच्या वळणावर शकुबाई कुठून आली कळलंच नाही. रस्ता मोकळा होता, मी बघितलं होतं. आधी डोक्यावरचं टोपलं पडलं, मग ती. वास्ते सगळ्या रस्त्यावर.
तिचा हात मोडला. उजवा. सरकारी दवाखान्यात प्लास्टर झालं. शकुबाई माझ्या आईच्या वयाची. नवरा नाही. लहानपणी तिच्या अंगणात जेवून मोठा झालो. माणसांनी असं अचानक रस्त्यात येऊ नये.

(वरचं वाक्य खोडतो.)

तिला बाकावर बसवलं होतं. शिव्या देईल म्हणून मी मान खाली घातली. ती म्हणे, "वारलू, मी तं थांबून होती रे. तुले येऊ देत होती. तू माह्याकडंच पाह्यत होता, मले वाटलं."
दोनदा म्हणाली. तू माह्याकडंच पाह्यत होता.

२४ ऑगस्ट, रविवार
मॅच नाही. ललितानं कुकर लावला आणि शिट्ट्या होईपर्यंत आम्ही दोघं नुसते बसलो. मग मीच म्हटलं, मोनालीला फोन लाव.

२ सप्टेंबर, मंगळवार, नागपूर
डोळ्यांचा दवाखाना. मोनाली फाटकाशी उभी होती, कॉलेजच्या पांढऱ्या कपड्यांत. तिनं माझा हात धरला. लहान मुलाचा धरतात तसा. मी सोडवून घेतला नाही.
डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कोणाची नजर गेली होती का? मी नाही म्हटलं. ललिता म्हणे, "सासऱ्यांची."
मग एक तपासणी. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा. हातात बटन. आत बारीक दिवा चमकला की दाबायचं. मला मनातून बरं वाटलं. बटन दाबायची प्रॅक्टिस आहे, इथं तरी माझाच नंबर लागेल. दिवा दिसला की मी चुकलो नाही, एकदाही नाही. मध्ये मध्ये बराच वेळ काही व्हायचं नाही. तेवढ्यात मी हात मोकळा करून घ्यायचो. मशीन हळू आहे असं वाटलं.
कागद निघाला. मधे थोडं पांढरं, भोवती काळं. उजव्या डोळ्याचा जास्त काळा. बाई म्हणाल्या, तुम्ही वाट बघत होतात ना, तेव्हाही दिवे लागत होते.
काचबिंदू. कडेनं खात खात आत येतो, म्हणून माणसाला कळत नाही. अंधार दिसत नाही, तिथं काही नव्हतंच असं वाटतं. गेलेलं परत येत नाही. थेंब टाकले तर उरलेलं टिकेल. मी विचारलं, ऑपरेशन, लेझर, नवीन काही निघालं असेल? त्या म्हणाल्या, त्यानंही उरलेलंच वाचवता येतं. आणि पोरीचे डोळे दर वर्षी तपासा, हे रक्तातून येतं.
मोनाली म्हणाली, तिनं जुलैमध्येच तपासून घेतले. सध्या ठीक आहेत.
मी विचारलं, जुलैत तुले कसं माहीत?
ती म्हणाली, "बाबा, मी फोनवर तेच सांगत होती. तुमी मले टीव्हीचे इंच विचारत होते."

संध्याकाळ, परतीच्या बसमध्ये. अक्षर वाकडं येत आहे.
ललिताला विचारलं, पंधरा ऑगस्टपासून तू कडेनं का येत नव्हतीस?  ब्रह्मपुरीचा फाटा गेल्यावर म्हणे, "तुमाले दिसावं म्हनून."


१० सप्टेंबर, बुधवार
थेंब सकाळी, संध्याकाळी. ललिता टाकते, मी डोळे मिटून मोजतो. मोटरसायकलची किल्ली तिच्याजवळ.
शकुबाईकडे रोज पाणी भरून देतो. हंडा दोन्ही हातांनी धरून, हळू. आज तिनं विचारलं, डाक्टर काय म्हणे? सांगितलं. ती म्हणे, कोलूलेही अशीच सुरवात झाली होती, तोही कोनाले सांगत नव्हता. एवढंच. मग प्लास्टरच्या हातानं मला चहाचा कप सरकवायला लागली. मी पुढे होऊन घेतला.

२७ सप्टेंबर, शनिवार
सुनिलला घरी बोलावून सांगितलं की यंदा गेटवर येणार नाही. वाटलं होतं तो आग्रह करेल. नाही केला. म्हणे, जूनभर तो दोन्ही बाजू स्वतःच बघत होता, माझ्या वाट्याचीही. साहेबांना काही बोलला नव्हता. जाताना माझ्या पाया पडला. तो कधी पडत नाही.
गाइडचा खाकी शर्ट ललितानं धुऊन घडी करून ठेवला.

१ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी साडेसहा
गेट उघडलं. गाड्या आमच्या घरासमोरूनच जातात. ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. सकाळचा गारवा आहे. पहिल्या गाडीत सुनिल, शेजारी नवा गाइड, दोघांनी हात केला. मीही केला. मग एकामागून एक. काही तरी काम असावं म्हणून मोजल्या.
अकरा गाड्या गेल्या.
ललिता अंगण झाडत होती. म्हणे, तेरा.
तेरा गाड्या गेल्या.