घरचं मशीन

मुंबई,
३ फेब्रुवारी १९६३

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या चुनीलालचा शि. सा. न. वि. वि.

आईनं पाठवलेलं ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ पोचलं. भाकरी मलाच थापावी लागते आणि ती गोल होत नाही, हे वत्सलाला सांगू नका, ती हसेल.

आता खरी बातमी. गेल्या महिन्यात एका परदेशी बोटीच्या पंख्यात दोरखंड अडकला होता. मी खाली जाऊन तो कापून काढला. बोटीचा कप्तान इतका खूश झाला, की त्यानं स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातावर बांधलं. दादा, हे साधं घड्याळ नाही. पाणबुड्यांसाठीच बनवलेलं आहे. कितीही खोल न्या, आत थेंब जात नाही. काळोखात आकडे चमकतात. कडेला एक फिरती चकती आहे. खाली जाताना ती लावली, की किती वेळ झाला ते एका नजरेत कळतं. आम्ही पाठीला हवेची टाकी बांधून उतरतो. हवा किती उरली हे वेळेवरूनच ओळखायचं असतं, त्यामुळे माझ्या धंद्यात ही वस्तू म्हणजे जीव आहे.

इथे भेंडीबाजारात एक म्हातारे घड्याळजी आहेत. त्यांनी ते उघडलं आणि भिंग लावून आत पाहिलं. म्हणाले, बहुतेक कंपन्या आतलं मशीन दुसऱ्या कारखान्याकडून घेतात आणि वर फक्त आपलं नाव घालतात. या कंपनीनं मात्र मशीनही स्वतःच्या घरात बनवलंय. असं घड्याळ मोठमोठ्या शेठलोकांकडे असतं. तेव्हापासून मी बाही जरा वर दुमडूनच फिरतो.

आईला नमस्कार सांगा. शेजारच्या दगाला सांगा, मुंबईला आलास तर दाखवीन, पण हात लावू देणार नाही. माया आहे तशीच असू द्या.

तुमचा
चुनीलाल

*

प्रकाशा, ता. शहादा,
१७ फेब्रुवारी १९६३

चि. चुनीलाल यास मगनचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र ओट्यावर मोठ्यानं वाचलं. आईला घड्याळाचं काही कळलं नाही. तिचं एकच, मन्हा आंडोर इतला पानीमा काय करी ऱ्हायना. आपल्या तापीत तू संगमापासून केदारेश्वराच्या घाटापर्यंत पोहायचास, तेव्हाही ती लेकाच्या काळजीनं असंच म्हणायची, म्हणून मी तिला हसलो. पण खरं सांगू, दोरखंडाची गोष्ट मलाही दोनदा वाचावी लागली.

तुझ्या घरच्या मशीनवर दगाशी वाद झाला. माझं जुनं घड्याळ नंदुरबारच्या घड्याळजीनं उघडलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, यात जे मशीन आहे तेच दहा कंपन्यांच्या घड्याळांत असतं. मला त्याचा कधी कमीपणा वाटला नाही. आपला एक बैल घरच्या गाईचा आहे आणि दुसरा बाजारातून आणलेला. औताला जुंपले, की जमिनीला काय कळतं कोणता कुठला? दगा म्हणतो, जमिनीला नाही कळत, मालकाला कळतं, आणि मालकाची छाती फुगते तिचं काय? तर तुझी छाती फुगली आहे एवढंच आम्ही ठरवलं.

कापूस वेचून झाला. केळीला पाणी चालू आहे. वत्सला ब्राह्मणपुरीला माहेरी जाऊन आली. तुझ्याबद्दल विचारत काही नाही, पण पोस्टमन दिसला की हातातलं काम ठेवते. तेवढं समजून घे.

जपून राहा. आम्हा सगळ्यांची आठवण ठेव.

मगन

*

मुंबई,
६ ऑक्टोबर १९६३

तीर्थरूप दादांना चुनीलालचा सा. न. वि. वि.

बरेच दिवस पत्र नाही म्हणून रागावू नका. मन ठिकाणावर नव्हतं. घड्याळ बंद पडलं.

पाणी शिरलं नाही, आपटलंही नाही. आतलं एक बारीक चाक झिजलं, असं म्हाताऱ्या घड्याळजींचं म्हणणं आहे. मी म्हटलं, बदलून टाका. तर म्हणाले, हे तुझ्या दादाच्या घड्याळासारखं असतं तर हे चाक समोरच्या कुठल्याही दुकानात मिळालं असतं. पण कंपनीनं मशीन स्वतःचं केलंय, तर चाकही तिच्याकडेच मिळणार. बाहेरून माल येणं सध्या बंद आहे. कंपनीला इंग्रजीत पत्र लिहवून पाठवलं. उत्तर आलं, फार अदबीचं, की घड्याळ आमच्याकडे पाठवा. पाठवायला परवानगी लागते, ती मिळवायला दोन कचेऱ्यांत खेपा घातल्या. पहिल्यानं दुसऱ्याकडे पाठवलं आणि दुसऱ्यानं पहिल्याकडे. आतलं मशीन काढून दुसरं साधं बसवा म्हटलं, तर ते या डबीत बसत नाही.

तुम्ही विचारलं होतंत, मशीन कुठलं याला काय महत्त्व. दादा, चालू होतं तोवर मलाही फक्त मिरवायलाच होतं.

आमचा कंत्राटदार म्हणतो, अंदाजानं काम कर, पूर्वी कुठे होती घड्याळं. बंदराबाहेर एक बोट बुडाली आहे, तिच्यावर काम सुरू होणार आहे. तिथं पाणी खोल आहे.

आईला यातलं काही सांगू नका.

चुनीलाल

*

प्रकाशा,
२० ऑक्टोबर १९६३

चि. चुनीलाल यास आशीर्वाद. वि. वि.

गावचा दोधू केळीच्या गाडीबरोबर मुंबईला येतो आहे. त्याच्याजवळ माझं घड्याळ देतो आहे. ते ठेवून घे. मला शेतात सूर्य पुरतो.

आणि अंदाजानं काम करायचं नाही. कंत्राटदाराला तसं स्पष्ट सांग. नाही ऐकलं तर निघून ये. इथे केळीचं काम दोघांना पुरून उरतं आणि तुझ्या वाटणीचं ताट रोज मांडलेलं असतं. वत्सलाला मी काही सांगितलेलं नाही, पण पत्र मी ओट्यावर वाचलं नाही, यावरून तिनं ओळखलं. आत जाऊन भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती.

पत्राचं उत्तर लगेच दे. वाट बघायला लावू नकोस.

मगन

*

मुंबई,
११ नोव्हेंबर १९६३

तीर्थरूप दादांना चुनीलालचा सा. न. वि. वि.

तुमचं घड्याळ दोधूच्या या खेपेला त्याच्याबरोबरच परत पाठवतो आहे. रागावू नका. ते वेळ अचूक दाखवतं, पण पाण्यात नेलं तर पहिल्याच बुडीत भरेल. माझं आहे ते पाण्याला पुरून उरतं, पण वेळ दाखवत नाही. दोन्ही समोर ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. एकाचं मशीन दुसऱ्यात घालता आलं असतं तर!

पण काळजी करू नका. म्हाताऱ्या घड्याळजींनी भिंग लावून, कानशीनं घासून ते चाक हातानं बनवलं. घड्याळ चालू झालं आहे. देताना ते म्हणाले, बेटा, मिरवायला चालेल, भरवसा ठेवू नकोस. मी उशाशी ठेवून तपासतो. बरोबर चालतं.

बुडालेल्या बोटीचं काम मधेच सोडता येत नाही. खाली आम्ही दोघंच जातो. मी निघालो तर दुसऱ्याला एकट्याला उतरावं लागेल, आणि तो नवा आहे. होळीपर्यंत काम संपेल, मग येतो तो कायमचा. वत्सलाला सांगा, भाकरी अजून गोल होत नाही.

ओढ आहे, ती वाढतेच आहे.

चुनीलाल

*

मुंबई,
२ जानेवारी १९६४

चि. सौ. वत्सला हिला मगनचे आशीर्वाद.

तार वाचून मी न सांगता निघालो, त्याबद्दल मनात काही आणू नकोस. चुनीलाल जिवंत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

खाली असताना घड्याळ मधेच थांबलं आणि आपोआप पुन्हा चालू झालं. किती वेळ थांबलं होतं, ते कुणालाच ठाऊक नाही. काट्याप्रमाणे त्याच्याकडे अजून हवा होती. प्रत्यक्षात संपत आली होती. श्वास अडकायला लागला तसा तो सरळ वर आला. खोलातून येताना मधे थांबत थांबत यावं लागतं म्हणे, नाहीतर रक्तात हवेचे बुडबुडे होतात. थांबायला हवाच नव्हती. वर आला तेव्हा धडधाकट होता. सगळ्यांशी बोलला, चहा प्याला. मग म्हणाला, पायांना मुंग्या येताहेत. उठायला गेला तर उठता येईना.

अशा माणसाला लोखंडी खोलीत ठेवून, आतल्या हवेचा दाब आधी वाढवून मग तो हळूहळू उतरवतात. तसं केलं. पण बोट किनाऱ्याला लागायला उशीर झाला होता. हात चांगले आहेत. कमरेखाली चिमटा काढला तर कळत नाही. डॉक्टर भले आहेत, पण मी काही विचारलं की ते दुसऱ्या रोग्याकडे वळतात.

तुझ्या भावाला सोबत घेऊन ये. आईला सांग, पाय मुरगळला आहे. तू आलीस की मी परत जाईन. तिला एकटं ठेवता येत नाही.

मगन

*

मुंबई,
९ मार्च १९६४

तीर्थरूप दादांना वत्सलाचा कृ. सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर मी कधी बोलले नाही. हे पत्रसुद्धा पदर डोक्यावर घेऊनच लिहिते आहे. चौथीपर्यंतच शिकले, चुका पोटात घाला.

यांना शनिवारी सोडणार आहेत. बरे झाले म्हणून नाही. इथे आणखी काही करता येत नाही आणि खाट दुसऱ्याला हवी आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, घरी काय करू? ते म्हणाले, कूस बदलत राहा, पाठीला जखम होऊ देऊ नका.  याहून पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मध्यंतरी एक शेठ आले होते. पाणबुड्यांचं घड्याळ विकायचं आहे का, म्हणाले. त्यांना पोहता येत नाही, हे त्यांनीच हसत सांगितलं. त्यांना अशी घड्याळं जमवायचा शौक आहे. त्यांचा पहिला प्रश्न हाच, की आतलं मशीन कंपनीचंच आहे ना, कुणी बदललेलं तर नाही? हे म्हणाले, मशीन कंपनीचंच, एक चाक मात्र भेंडीबाजारातलं. शेठनी हातातलं घड्याळ लगेच गादीवर ठेवलं. म्हणाले, मग त्याला अर्थ नाही. ते गेल्यावर हे हसायला लागले. पाय गेल्यापासून पहिल्यांदाच हसले. हसता हसता तोंड भिंतीकडे केलं. मी पाठीवर हात ठेवून बसले.

एकदा मी रागानं विचारलं, ते चाक बाजारात मिळणारं असतं तर तुम्ही आज उभे असता का?  हे म्हणाले, असतो कदाचित. पण त्या कंपनीला शिव्या देऊ नकोस, तिनं चांगलंच बनवलं होतं. घड्याळजींना देऊ नकोस, त्यांनी आधीच सांगितलं होतं. कप्तानाला तर नाहीच नाही. मी विचारलं, मग कुणाला देऊ? यावर त्यांनी कूस बदलून द्यायला सांगितलं. दादा, मलाही कुणी सापडत नाही. रोज रात्री डोळा लागेपर्यंत शोधते.

घड्याळ त्या दुसऱ्या पाणबुड्यानं मागितलं. यांनी दिलं नाही. माझ्या भावाला सांगून दगडानं फोडायला लावलं, पुन्हा कुणी ते बांधून खाली जाऊ नये म्हणून. कठीण होतं, लवकर फुटलं नाही.

आता काम सांगते. रविवारी सकाळी आम्ही नंदुरबारला पोचू. बैलगाडीत गवत जास्त घाला आणि वर जाड गोधडी टाका. दगाभाऊजींना आणि आणखी दोन दणकट माणसांना आणा. घरची खाट उंच आहे, तिचे पाय कापून ठेवा, मला एकटीला यांना चढवता येणार नाही. सासूबाईंनी माझ्या भावाच्या हाती निरोप पाठवला होता, की चुनी गाडीतून उतरला की आधी माझ्याकडे बघायला लावा, मी स्टेशनावर येणार. त्यांना अजून पाय मुरगळल्याचंच माहीत आहे. त्यांना येऊ द्या, अडवू नका. पण निघण्याआधी तुम्ही त्यांना जवळ बसवून एवढं सांगा, की तो उतरणार नाही, त्याला उतरवणार आहेत. हे मला जमणार नाही.

सगळ्यांवर तुमची छाया असू द्या.

वत्सला